तळपाय खरे सांगतो

अर्धांगवायूचा रुग्ण आला की डॉक्टर त्याच्या तळपायावर किल्लीसारख्या बोथट टोकाने रेघ ओढतात. नातेवाईक बुचकळ्यात पडतात. झटका मेंदूला आला, मग पाय कशाला तपासायचा? या तपासणीला जोसेफ बाबिन्स्की यांचे नाव आहे.

बाबिन्स्की यांचा जन्म १८५७ साली पॅरिसमध्ये झाला. आईवडील पोलंड सोडून आलेले निर्वासित होते. डॉक्टर झाल्यावर त्यांनी सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को या नामवंत मज्जाविकारतज्ज्ञांच्या हाताखाली काम केले. गुरूंची शाबासकी मिळाली, पण १८९२ मध्ये अध्यापकपदाच्या स्पर्धापरीक्षेत त्यांना अपयश आले. विद्यापीठाचे प्राध्यापकपद त्यांना कधीच मिळाले नाही. १८९५ पासून पिटिए रुग्णालयात विभागप्रमुख म्हणून ते रुग्ण तपासत राहिले.

त्या काळी एक प्रश्न रोज समोर यायचा. हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाच्या मेंदूत किंवा मज्जारज्जूत खरोखर बिघाड आहे, की हा हिस्टेरिया आहे? सीटी स्कॅन, एमआरआय नव्हते. चुकीचा शिक्का बसला तर गंभीर आजाराचा माणूस ढोंगी ठरायचा.

फेब्रुवारी १८९६ मध्ये बाबिन्स्की यांनी पॅरिसच्या एका वैज्ञानिक सभेत अगदी छोटे टिपण मांडले. तळपायाच्या बाहेरच्या कडेने, टाचेकडून बोटांकडे टोक ओढले की निरोगी मोठ्या माणसाची बोटे खाली वळतात. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणाऱ्या, हालचालींचा हुकूम नेणाऱ्या तंतूंना इजा झाली असेल तर अंगठा वर उचलला जातो. बाकीची बोटे कधी कधी पंख्यासारखी फाकतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, ती रुग्णाच्या मर्जीने होत नाही. त्यामुळे तिचे सोंग आणणे फार अवघड. तान्ह्या बाळाचा अंगठा मात्र वर जातोच, कारण त्याचे हे तंतू अजून परिपक्व झालेले नसतात. साधारण वर्ष-दोन वर्षांत ते आपोआप बदलते, आईवडिलांनी घाबरू नये.

बाबिन्स्की मितभाषी होते. लग्न न करता ते भाऊ आंरी यांच्यासोबत राहिले. खाणींचे अभियंते असलेल्या आंरींनी पाककलेवर गाजलेला ग्रंथ लिहिला. अखेरच्या वर्षांत बाबिन्स्की यांनाच पार्किन्सनचा आजार जडला. १९३२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विचारांची एक बाजू मात्र आज मान्य नाही. हिस्टेरिया मनावर बिंबवलेल्या सूचनेतून होतो आणि समजूत घालून जातो, असे त्यांचे मत होते. पहिल्या महायुद्धात याच विचाराच्या आधारे लुळ्या पडलेल्या सैनिकांवर विजेच्या वेदनादायी धक्क्यांचे उपचार झाले. आज आपल्याला कळते की मेंदूत जखम दिसली नाही तरी असा रुग्ण नाटक करत नसतो. त्याचा त्रास खरा असतो आणि त्यावर उपचारही आहेत.

म्हणून अंगठा वर गेला तर डॉक्टर मेंदू आणि मज्जारज्जूत कारण शोधतात. नाही गेला म्हणून रुग्णाला खोटे ठरवत नाहीत, कारण झटक्यानंतर पहिल्या काही तासांत ही खूण दिसतेच असे नाही. एकाएकी हातपाय लुळे पडले, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर घरी पाय खाजवून पाहत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.