आपली चूक लिहून ठेवणारे हकीम

रमजानच्या रोज्यांतून आजारी माणसाला सूट आहे. बरे वाटल्यावर तितके रोजे त्याने पुढे पूर्ण करायचे. पण कोणाचा आजार सूट घेण्याइतका मोठा आणि कोणाचा नाही, हे ठरवताना जाणत्या वैद्याचा शब्द मानला जातो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेले आजोबा रमजानच्या तोंडावर डॉक्टरांकडे जाऊन येतात ते यासाठीच. वैद्याच्या शब्दाला एवढे वजन असेल, तर तो शब्द कशाच्या आधारावर दिला जातो हेही पाहायला हवे. ही गोष्ट आयुष्यभर मनावर घेतलेले एक हकीम अकराशे वर्षांपूर्वी इराणात होऊन गेले. त्यांचे नाव अबू बकर मुहम्मद इब्न जकरिया अल-राझी.

त्यांचा जन्म हिजरी २५१ च्या शाबान महिन्यातला, म्हणजे इसवी सन ८६५ मधला. शाबान हा रमजानच्या लगत आधीचा महिना. गाव रय, जे आज तेहरानमध्येच सामावले आहे. रयचे म्हणून राझी. तरुणपणी त्यांना संगीताचा आणि किमयेचा नाद होता, वैद्यकीकडे ते उशिरा वळले, असे जुने चरित्रकार सांगतात. पुढे रयच्या आणि नंतर बगदादच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले.

बगदादच्या रुग्णालयासाठी जागा निवडताना त्यांनी शहराच्या वेगवेगळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगून ठेवले आणि जिथला तुकडा सगळ्यात उशिरा सडला तिथली हवा चांगली, असे ठरवले, ही गोष्ट फार प्रसिद्ध आहे. मात्र ज्या अजुदी रुग्णालयाशी ती जोडली जाते, ते त्यांच्या मृत्यूनंतर पन्नासहून जास्त वर्षांनी उभे राहिले. तेव्हा ती गोष्ट म्हणूनच ऐकावी. राझींचे मोठेपण त्या मांसाच्या तुकड्यांवर अवलंबून नाही.

त्यांचा दवाखाना कसा चाले याचे वर्णन बगदादचे ग्रंथसूचीकार इब्न अल-नदीम यांनी करून ठेवले आहे. राझी मध्ये बसत. त्यांच्यासमोर त्यांचे शिष्य, शिष्यांपुढे त्यांचे शिष्य, आणि त्यांच्याही पुढे आणखी नवशिके. आलेला रोगी आधी बाहेरच्या ओळीतल्यांना आपले दुखणे सांगे. त्यांना उमजले तर ठीक, नाहीतर आतली ओळ. सगळे थकले की मग राझी बोलत. रोग्याला नेमके उत्तर मिळे, शिवाय प्रत्येक शिकाऊ वैद्याला आपण कुठे अडलो तेही सगळ्यांसमोर कळे. गरीब रोग्यांना ते स्वतःच्या खिशातून पैसे देत आणि त्यांच्या शुश्रूषेची सोय करत, अशीही नोंद आहे. त्यांच्या हातात सतत कागद असे. कोणी भेटायला जावे तर ते काहीतरी लिहीत किंवा उतरवून घेत बसलेले दिसत.

या कागदांत एक नोंद अब्दुल्लाह इब्न सवादा नावाच्या रोग्याची आहे. त्याला ताप येई, पण त्या तापाला शिस्त नव्हती. कधी रोज, कधी दिवसाआड, कधी चौथ्या दिवशी, कधी सहा दिवसांनी. ताप येण्याआधी थोडी हुडहुडी भरे आणि लघवीला वारंवार जावे लागे. राझींनी दोन शक्यता सांगितल्या. एकतर हा ताप चौथ्या दिवसाच्या फेऱ्यात स्थिरावेल, नाहीतर मूत्रपिंडात व्रण झाला असेल. थोड्याच दिवसांत लघवीतून पू गेला. मग राझींनी औषधयोजना बदलली, लघवी साफ होईपर्यंत त्या अंगाची औषधे दिली, आणि सुमारे दोन महिन्यांत माणूस पूर्ण बरा झाला.

कोणत्याही वैद्याने ही हकिकत अभिमानाने इथेच संपवली असती. राझी पुढे लिहितात ते वेगळेच आहे. मूत्रपिंडाचे निदान पहिल्या दिवशीच ठामपणे का करता आले नाही, याचा त्यांनी स्वतःशी हिशेब मांडला आहे. रोग्याला आधीही तऱ्हेतऱ्हेचे ताप येऊन गेले होते, त्यामुळे त्यांचा अंदाज तिकडे गेला. उभे राहताना कमरेत जडपणा वाटतो, असे रोग्याने सांगितले नाही. आणि ते आपण विचारलेही नाही, अशी कबुली त्यांनी दिली आहे. रोगी बरा झाला होता, तक्रार करणारे कोणी नव्हते. तरी विचारायचा राहून गेलेला एक प्रश्न त्यांनी कागदावर नोंदवला.

हीच सवय त्यांच्या औषधांबाबतही दिसते. मेंदूज्वराची चिन्हे दिसू लागली की शिरेतून रक्त काढावे, अशी त्या काळची रीत होती. राझींनी काही रोग्यांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, दोहोंत फरक पडतो का हे पाहण्यासाठी. रक्त न काढलेले सगळे आजारी पडले, असे त्यांनी लिहिले आहे. रक्त काढण्याचा तो उपचार आज कोणी करणार नाही, आणि रोग्याला न सांगता त्याला असे बाजूला ठेवणे आजच्या कोणत्याही रुग्णालयाची नैतिकता समिती मान्य करणार नाही. पण दोन गट करून तुलना करावी, हे त्यांना दहाव्या शतकाच्या सुमारास सुचले होते. पारा पोटात गेल्यावर काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी तो माणसाला नव्हे, माकडाला दिला.

देवी आणि गोवर हे दोन निराळे रोग आहेत, हे लक्षणांसकट वेगळे मांडणारे त्यांचे छोटे पुस्तक पुढे कित्येक शतके युरोपात वाचले गेले. ग्रीक वैद्य गॅलेन यांना त्या काळी आव्हान देण्याची प्राज्ञा नव्हती. राझींनी त्यांच्यावरील शंकांचाच ग्रंथ लिहिला, आणि त्यात आपण गॅलेन यांचे ऋणी आहोत हेही आवर्जून सांगितले. ज्याला वैद्य परवडत नाही किंवा जवळ मिळत नाही, अशासाठी घरगुती उपायांचे पुस्तक त्यांनी लिहिले. लोक जाणत्या वैद्याला सोडून भोंदूंकडे का जातात, यावरही एक पुस्तिका लिहिली. तो प्रश्न आजही जुना झालेला नाही. चरक आणि सुश्रुत यांचे दाखलेही त्यांच्या टिपणांत आहेत. कोण कुठला हे न पाहता ज्याचे जे घेतले ते त्याच्या नावावर मांडलेले.

एका शिष्याला लिहिलेल्या पत्रात वैद्याने कसे वागावे ते त्यांनी सांगितले आहे. रोग्याचे गुपित बाहेर जाऊ देऊ नये, गरिबावर श्रीमंताइतक्याच मन लावून उपचार करावेत, घरातल्या बायकांसमोर नजर खाली असावी, बरे केल्याची फुशारकी मारू नये. आहाराने काम होत असेल तर औषध देऊ नये आणि साध्या औषधाने भागत असेल तर मिश्रण देऊ नये, हेही त्यांचेच म्हणणे. वैद्याला स्वतःला खात्री नसली तरी त्याने रोग्याला बरे होण्याची आशा द्यावी, असे त्यांचे मत होते. हे मात्र आजच्या डॉक्टरांना जसेच्या तसे पटणार नाही.

धर्म आणि तत्त्वज्ञानावरच्या मतांमुळे त्यांचे समकालीनांशी कडाक्याचे वाद झाले. त्यांना पाखंडी म्हणणारेही होते. भारताविषयी ग्रंथ लिहिणारे अल-बिरुनी यांना त्यांची अनेक मते मान्य नव्हती, तरी राझींच्या १८४ ग्रंथांची यादी करण्याचे काम याच बिरुनींनी केले.

पंधरा वर्षे रात्रंदिवस लिहून आपली नजर अधू झाली आणि हाताचे स्नायू निकामी झाले, आता दुसऱ्याकडून वाचून आणि लिहून घ्यावे लागते, असे राझींनी स्वतःबद्दल नोंदवले आहे. शेवटी त्यांना अंधत्व आले. डोळ्यावर शस्त्रक्रिया करायला आलेल्या वैद्याला त्यांनी डोळ्याचे पडदे किती असतात हे विचारले, त्याला सांगता येईना, तेव्हा त्यांनी त्याला डोळ्याला हात लावू दिला नाही, असे म्हणतात. हिजरी ३१३ च्या शाबानमध्येच, इसवी सन ९२५ मध्ये, रय इथे ते वारले.

मागे राहिले टिपणांचे गठ्ठे, त्यांच्या बहिणीच्या ताब्यात. रयचे वजीर इब्न अल-अमीद यांनी ते तिच्याकडून पैसे देऊन घेतले आणि राझींच्या शिष्यांना बोलावून लावून घेतले. त्यातून ‘अल-हावी’ हा प्रचंड ग्रंथ तयार झाला. सिसिलीच्या फरज बिन सालिम या ज्यू वैद्याने १२७९ मध्ये त्याचे लॅटिन भाषांतर पूर्ण केले. मूळ अरबी मजकूर छापून काढला तो आपल्या शेजारच्या हैदराबादने. तिथल्या दायरतुल मआरिफ या संस्थेने १९५५ पासून तो २३ खंडांत प्रसिद्ध केला. त्यातल्या रोग्यांच्या हकिकतींत अब्दुल्लाह इब्न सवादाची हकिकत आहे, आणि कमरेच्या जडपणाबद्दल विचारायचे राहून गेल्याची ती ओळही.