कॉलराचं ‘मालवेअर’ पकडणारे डॉक्टर: शंभूनाथ डे

फोनमध्ये एखादं फसवं ॲप शिरलं तरी फोन बंद पडत नाही. तो चालूच राहतो, पण हुकूम दुसऱ्याचा मानायला लागतो. कॉलराचा जंतू आतड्यातल्या पेशींचं असंच काहीसं करतो. हे ज्यांच्या प्रयोगामुळे कळलं, ते कोलकात्याचे डॉ. शंभूनाथ डे.

त्यांचा जन्म १९१५ सालचा, बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यातला. कलकत्ता मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले, लंडनला जाऊन १९४९ मध्ये पीएचडी केली आणि परत आले. कोलकात्यात कॉलराचे पेशंट कायमच असायचे. डे यांनी हाच आजार अभ्यासाला घेतला.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये याच शहरात कॉलराचा जंतू ओळखला होता. तो काहीतरी विष सोडत असावा, असा त्यांचा अंदाज होता. पण पुढची ७५ वर्षं ते विष कुणाला दाखवता आलं नाही. बरेच संशोधक जंतू प्राण्यांच्या रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत टोचून पाहत होते. डे यांना वाटलं, आजार आतड्यात होतो ना, मग आतड्यातच बघू.

१९५३ मध्ये त्यांनी सहकाऱ्याबरोबर एक साधी पद्धत काढली. सशाच्या लहान आतड्याचा छोटा तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधायचा आणि त्यात जंतू सोडायचे. तो तुकडा पाण्याने टम्म फुगायचा. मग १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून काढले आणि नुसतं उरलेलं द्रव आत सोडलं. तरीही आतडं फुगलं! म्हणजे जंतू स्वतः हजर नसला तरी त्याचं विष काम करत होतं. हा शोध ‘नेचर’मध्ये छापून आला.

हे विष म्हणजे एक प्रोटीन आहे, हे पुढे स्पष्ट झालं. त्याचे दोन भाग. ‘बी’ भागाच्या पाच कड्या पेशीच्या बाहेरच्या खुणेला चिकटतात, म्हणजे जणू लॉगिन करतात. मग ‘ए’ भाग आत शिरतो आणि पेशीतलं एक स्विच ‘ऑन’वरच अडकवून ठेवतो. पेशी मरत नाही, पण क्षार आणि पाणी आतड्यात ओतत राहते. माणूस काही तासांत कोरडा पडू शकतो. मात्र साखरेबरोबर मीठ शोषून घेणारा मार्ग शाबूत राहतो, म्हणून ओआरएस कामी येतं.

एवढं करूनही डे यांना भारतात फारसं कुणी विचारलं नाही. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७८ मध्ये स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचं आमंत्रण आलं. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी तर त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. पण देशातल्या मोठ्या विज्ञान अकादमींनी त्यांना हयातीत सदस्यसुद्धा करून घेतलं नाही. १९८५ मध्ये ते गेले.

आज तोंडावाटे घ्यायच्या एका कॉलरा लशीत त्याच विषाचा ‘बी’ भाग असतो. तो एकटा काही इजा करत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख मात्र पटवून देतो.