ऐकून शिकलेले पेटीवादक : गोविंदराव टेंबे

मिस्सामध्ये गीत सुरू झाले की शब्द आपण म्हणतो, पण सूर धरून ठेवते ती पेटी. या पेटीचे मूळ चर्चच्या ऑर्गनशी जोडलेले आहे. नळ्यांचा मोठा ऑर्गन लहान चर्चला परवडत नसे. १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्याचा भाता पायाने चालत असे. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून, एका हाताने भाता मारून वाजवता येईल अशी पेटी तयार केली. मग ती भजनात, नाटकात आणि आपल्या गायकवृंदातही रुळली.

या पेटीला महाराष्ट्रात मान मिळवून देणाऱ्यांत गोविंदराव टेंबे हे मोठे नाव. त्यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळील सांगवडे येथे झाला. पेटी ते बहुतांशी स्वतःच शिकले. कोल्हापूरच्या देवल क्लबात गाण्याच्या बैठका होत, तिथे त्यांना संगीताची गोडी लागली. थोर गायक भास्करबुवा बखले यांची साथ करू लागले आणि ती साथ हेच त्यांचे शिक्षण झाले. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखाँ यांनी त्यांना समोर बसवून शिकवले नाही. तरी गोविंदराव त्यांना आयुष्यभर गुरूच मानत.

साथ करणे सोपे नसते. गवयाच्या पुढे धावायचे नाही आणि फार मागेही राहायचे नाही. त्यात पेटीची एक अडचण आहे. तिचे सूर ठरलेले असतात. गळा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अलगद घसरत जातो, तसे पेटीला जमत नाही. याच दोषावर बोट ठेवून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती. अशा वाद्यातून गोविंदराव गळ्याची आठवण करून देत, कारण त्यांची बोटे कानामागून चालत.

१९११ साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. त्यातील पदांना चाली गोविंदरावांच्या होत्या. तेव्हा त्यांना तीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. दोन वर्षांनी तिथून बाहेर पडून स्वतःची शिवराज नाटक मंडळी सुरू केली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाला त्यांनी संगीत दिले आणि हरिश्चंद्राची भूमिकाही केली. उत्तरायुष्यात मात्र त्यांनी मैफलीतले पेटीवादन सोडले. पेटीने नाव दिले, तरी तिच्या मर्यादेत ते अडकून राहिले नाहीत. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

देगलूरसारख्या गावातील मुलामुलींना मोठ्या शहरातील संगीत विद्यालय सहज मिळत नाही. पण चांगले गाणे लक्ष देऊन ऐकणे आणि गाणाऱ्याला सांभाळून वाजवणे यासाठी शहर गाठावे लागत नाही. आपल्या गायकवृंदात एखादे मूल पेटीजवळ घुटमळत असेल, तर त्याला हटकू नका. बाजूला सरकून जागा द्या.