जोसेफ स्टोरी
जोसेफ स्टोरी (१८ सप्टेंबर, इ.स. १७७९:मार्बलहेड, मॅसेच्युसेट्स - १० सप्टेंबर, इ.स. १८४५:केंब्रिज, मॅसेच्युसेट्स) हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश व कायदेपंडित होते. इ.स. १८११मध्ये राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी त्यांची नेमणूक केली. तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते. इ.स. १८२९पासून ते हार्वर्डमध्ये कायद्याचे प्राध्यापकही होते.

प्रताधिकाराच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले ते इ.स. १८४१च्या फॉल्सम विरुद्ध मार्श या खटल्यामुळे. जॅरेड स्पार्क्स यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांचे लेखन व पत्रे १२ खंडांत संपादित केली होती. चार्ल्स अपहॅम यांनी वॉशिंग्टन यांच्याच शब्दांत ८६६ पानांचे चरित्र सिद्ध केले; त्यातील ३५३ पाने स्पार्क्स यांच्या खंडांतून जशीच्या तशी उचललेली होती. मूळ १२ खंडांच्या मानाने हा भाग अगदी लहान होता. शिवाय अपहॅम यांचे पुस्तक उपयुक्त असल्याचे स्टोरी यांना मान्य होते. तरीही त्यांनी निकाल प्रकाशकांविरुद्ध दिला. उताऱ्यांचे स्वरूप व हेतू, त्यांचे प्रमाण व मोल, आणि मूळ ग्रंथाच्या विक्रीला बसणारी झळ यांचा एकत्र विचार करावा, असे त्यांनी ठरवले. किती पानांवर मर्यादा ओलांडली जाते, हे मात्र सांगितले नाही. परीक्षणासाठी उतारे घेणे त्यांना रास्त वाटे, पण परीक्षणच मूळ पुस्तकाची जागा घेऊ लागले तर नाही. प्रताधिकाराच्या वादांतील भेद कधीकधी हाती न लागण्याइतके सूक्ष्म असतात, असे त्यांचे मत होते.

‘उचित वापर’ या संकल्पनेचा उगम सहसा याच निकालात मानला जातो. इ.स. १९७६च्या अमेरिकन प्रताधिकार कायद्याच्या कलम १०७मध्ये हे निकष थोड्याफार फरकाने उतरले. पानांची वा शब्दांची संख्या त्या कलमातही दिलेली नाही.