विमानवीर ऑर्व्हिल राईट व अपघातांचा शोध

विमान प्रथम कोणीं उडविलें, हें आमच्या वाचकांपैकीं लहानांतल्या लहानासही ठाऊक असेल. सन १९०३ च्या डिसेंबर महिन्याच्या १७ तारखेस अमेरिकेंतील किटी हॉक येथील वाळूच्या मैदानावर राईट बंधूंनीं तें उडविलें. परंतु त्याच बंधूंपैकीं धाकटा जो ऑर्व्हिल, तो पांच वर्षांनीं चालवीत असलेलें विमान कोसळून त्यांत एक तरुण अधिकारी मरण पावला. इंजिनाच्या विमानास झालेला जगांतील पहिला प्राणघातक अपघात तो हाच. आणि हाडें मोडून रुग्णालयाच्या खाटेवर पडला असतां ऑर्व्हिलनेंच त्या अपघाताचें कारण हुडकून काढलें, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं. आम्हांस ती पहिल्या उड्डाणाहून कमी मोलाची वाटत नाहीं. म्हणून हें चरित्र सांगतांना आम्ही तेथेंच अधिक वेळ थांबणार आहों.

ऑर्व्हिलचा जन्म ता. १९ ऑगस्ट १८७१ रोजीं ओहायो संस्थानांतील डेटन शहरीं झाला. विल्बर हा त्याचा चार वर्षांनीं वडील भाऊ. वडील मिल्टन राईट हे एका ख्रिस्ती पंथाचे बिशप असून धर्मकार्यानिमित्त त्यांचा बराच काळ प्रवासांत जाई. आई सुसान हिला हत्यारें हाताळण्याची चांगली हातोटी होती, आणि मुलांच्या अंगीं कारागिरी आली ती बहुधा तिच्याकडूनच. सन १८७८ मध्यें वडिलांनीं प्रवासाहून येतांना बांबू, बूच, कागद व रबर ह्यांचें एक उडतें खेळणें आणलें. तें मोडेपर्यंत दोघे भाऊ त्याच्याशीं खेळले, आणि मोडल्यावर त्यांनीं तसेंच दुसरें करून पाहिलें. पुढें ऑर्व्हिलनें हायस्कूल शेवटच्या वर्षीं सोडलें व छापखाना घातला. ह्या एका बाबतींत आमच्या विद्यार्थ्यांनीं त्याचें अनुकरण करूं नये, एवढें सुचवून आम्ही पुढें जातों. सन १८९२ त दोघां भावांनीं सायकलींचें दुकान काढलें, व त्या दुकानाच्या मिळकतीवरच पुढील सर्व प्रयोगांचा खर्च चालला.

सन १८९६ च्या ऑगस्टांत जर्मनींतील ओटो लिलिएन्थाल हा धाडसी पुरुष मरण पावला. इंजिनावांचून, केवळ पंखांच्या आधारें टेकडीवरून तरंगत उतरण्याचे शेंकडों प्रयोग त्यानें केले होते. एके दिवशीं त्याच्या यंत्राचा पुढील भाग वाऱ्यानें उचलला गेला, पुढची गति संपली, व सुमारें ५० फुटांवरून तो खालीं आदळला; दुसऱ्या दिवशीं त्याचा प्राण गेला. त्याच सुमारास डेटनमध्यें ऑर्व्हिल विषमज्वरानें अंथरुणास खिळला होता. तो बरा झाल्यावर दोघां भावांत ह्या मृत्यूविषयीं पुष्कळ बोलणें झालें. अनेकांनीं त्या बातमीवरून इतकेंच ठरविलें असेल कीं, उडणें हें मनुष्याचें काम नव्हे. ह्या बंधूंस मात्र इतका अनुभवी मनुष्य पडला कां, हाच प्रश्न छळूं लागला. लिलिएन्थाल आपलें शरीर इकडून तिकडे झुकवून तोल सांभाळीत असे. झोत जोराचा आला म्हणजे शरीराचें तेवढें वजन पुरें पडत नसे. तेव्हां चालकानें शरीर झुकविण्याऐवजीं पंखांचाच आकार पिळतां आला पाहिजे, हा विचार विल्बरनें पुढें मांडला, आणि सन १८९९ मध्यें पतंगावर तो करूनही पाहिला. म्हणजे ज्या युक्तीनें विमान मनुष्याच्या ताब्यांत आलें, तिचा उगम एका अपघाताच्या विचारांत आहे.

किटी हॉक येथील पुढचीं वर्षें अशाच पडझडींत गेलीं. सन १९०१ चें यंत्र छापील कोष्टकांप्रमाणें जितकें वजन उचलावयास हवें होतें तितकें उचलीना. तेव्हां बंधूंनीं कोष्टकांवरील भरंवसा सोडला, सहा फूट लांबीची लांकडी पेटी करून तींत पंख्यानें वारा सोडला, आणि पंखांचे सुमारें दोनशें निरनिराळे लहान नमुने स्वतः तपासले. सन १९०२ चें यंत्र चांगलें उचलूं लागलें, पण वळतांना मधूनच एका बाजूस घसरे व त्याच्या पंखाचें टोंक वाळूंत रुतून तें गरगर फिरे. ऑर्व्हिल स्वतः एकदां त्यांतून पडला. एके रात्रीं कॉफी अधिक झाल्यामुळें त्यास झोंप येईना. पडल्या पडल्या विचार करतां करतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, शेंपटीचें घट्ट बसविलेलें उभें सुकाणूं हेंच ह्या गोंधळाचें मूळ असून तें फिरतें केलें पाहिजे. विल्बरनें लागलीच त्यांत भर घातली कीं, सुकाणूं आणि पंखांचें पिळणें हीं एकाच दोरीनें चालवावीं. त्याच यंत्राच्या धर्तीवर, इंजिनाची जोड देऊन, १९०३ चें विमान नव्यानें बांधण्यांत आलें. पहिल्या उड्डाणांत ऑर्व्हिल १२ सेकंद व १२० फूट गेला; त्याच दिवशीं चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंद व ८५२ फूट गेला. सन १९०५ च्या जुलईंत ऑर्व्हिल पुन्हां आपटला. तेव्हां चढउताराचें पुढील सुकाणूं मोठें करून अधिक पुढें बसविलें, आणि ऑक्टोबरांत विल्बर एका दमांत २४ मैल उडाला.

आतां सन १९०८. अमेरिकन सैन्यानें विमान विकत घेण्याचा करार केला होता. चालक व एक उतारू अशीं दोन माणसें घेऊन विमानानें एक तास उडावें व ताशी ४० मैलांचा वेग दाखवावा, अशा अटी होत्या. विल्बर फ्रान्समध्यें प्रयोग दाखवीत होता, म्हणून वॉशिंग्टनजवळील फोर्ट मायर येथें ऑर्व्हिल एकटाच गेला. सप्टेंबरच्या ९ तारखेस तो एकटा एक तासाहून अधिक वेळ हवेंत राहिला, आणि लोकांच्या झुंडी तेथें लोटूं लागल्या.

ता. १७ सप्टेंबर रोजीं सायंकाळीं लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज हा २६ वर्षांचा अधिकारी उतारू म्हणून बसला. तो स्वतः विमानविद्येचा अभ्यासी असून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांच्या मंडळींत काम करीत असे. त्या दिवशीं विमानास पूर्वीपेक्षां थोडे अधिक लांब असे नवे पंखे बसविले होते. हे पंखे म्हणजे प्रोपेलर. इंजिनाच्या बळानें सांखळ्यांवर फिरून विमानास पुढें ढकलणारे दोन लांकडी पंखे चालकाच्या पाठीमागें असत. त्यांच्याही मागें शेंपटीचें सुकाणूं तारांनीं ताणून बांधलेलें असे. मैदानावर तीन फेऱ्या व्यवस्थित झाल्या. चौथ्या फेरींत ऑर्व्हिलला मागून हलकी टकटक ऐकूं आली. प्रथम त्यास सांखळीचा संशय आला. त्यानें वळून पाहिलें. कांहीं दिसलें नाहीं. तरी इंजिन बंद करून उतरावें असें त्यानें ठरविलें. इतक्यांत दोन मोठे धक्के बसले व विमान हादरून एका बाजूस वळलें. खालून पाहणाऱ्यांस एक तुकडा उडून पडतांना दिसला. इंजिन बंद केल्यावर विमान कांहीं अंतर तरंगत आलें, पण सुकाणूं ऐकेना, आणि सुमारें ७५ फुटांवरून तें नाक खालीं करून सरळ जमिनीकडे निघालें. अगदीं शेवटीं तें किंचित् सांवरूं लागलें होतें. आणखी थोडी उंची असती तर कदाचित् दोघेही वांचते. सेल्फ्रिजची कवटी फुटली, व शुद्धीवर न येतांच त्याच रात्रीं तो मरण पावला. ऑर्व्हिलची डावी मांडी व कांहीं बरगड्या मोडल्या.

बहीण कॅथरिन ही डेटनमध्यें शिक्षिका होती. तार येतांच तिनें शाळेचें काम सोडलें, त्याच दिवशींच्या गाडीनें ती निघाली, आणि पुढें सहा आठवड्यांहून अधिक काळ भावाच्या उशाशीं बसून राहिली. पालकांस आम्ही हें मुद्दाम सांगतों, कारण राईट बंधूंच्या यशाच्या गोष्टींत ह्या भगिनीचें नांव बहुधा गळून जातें. फ्रान्समध्यें विल्बरनें बातमी ऐकून त्या दिवसाचें उड्डाण रद्द केलें. आपण तेथें असतों तर हें घडलें नसतें, ह्या विचारानें तो स्वतःस दोष देत राहिला. तथापि चार दिवसांनीं तो दीड तास उडाला. नव्या विद्येवरील विश्वास एका पडण्यानें जाऊं नये, अशी त्याची धडपड होती.

इकडे ऑर्व्हिलनें काय केलें तें पाहावें. ताप व वेदना ह्यांनीं तो हैराण होता, तरी बोलण्याजोगा होतांच त्यानें आपल्या दोघां मदतनिसांकरवीं मोडके भाग खाटेपाशीं आणविले. आठवणींतला क्रम, म्हणजे आधीं टकटक, मग दोन धक्के, मग सुकाणूंचें न ऐकणें, हा एका बाजूस ठेवून, त्या लांकडाचे व तारांचे तुकडे त्यानें दुसऱ्या बाजूस मांडले, व दोहोंचा मेळ घातला. उजव्या पंख्याच्या एका पात्यास लांबीच्या दिशेनें चीर गेली होती. चिरेमुळें पात्याचा बांक सपाट होऊन त्याचें ढकलण्याचें बळ गेलें; एक पातें ढकलतें व दुसरें ढकलीत नाहीं, अशा स्थितींत पंखा थरथरूं लागला; त्या थरथरीनें त्याचा आधार ढिला झाला; ढिला पंखा नेहमींच्या फेऱ्याबाहेर जाऊन सुकाणूं ताणून धरणाऱ्या तारेवर आदळला. तार उपटली, पातें तुटलें, सुकाणूं आडवें झालें, आणि त्यानेंच विमानाचें नाक खालीं दाबलें. पाहा, मृत्यूचें कारण एक लांकडाची चीर! पण त्या चिरेपासून जमिनीपर्यंतची एकेक पायरी लावून दाखविल्यावांचून हें कोणास पटलें असतें? सैन्यानें नेमलेल्या मंडळानेंही तपास करून पंखा मोडणें हेंच कारण ठरविलें, व करारास पुढील उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली.

एखादा दुर्बल मनाचा मनुष्य असता तर त्यानें अपघाताचें खापर मृतावर किंवा वाऱ्यावर फोडलें असतें. मेलेला मनुष्य प्रतिवाद करीत नाहीं. ऑर्व्हिलच्या मनांत सेल्फ्रिजविषयीं पूर्वीं फारसा विश्वास नव्हता, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तरी स्वतःच्या हातांनीं घडविलेल्या पंख्याकडेच त्यानें बोट दाखविलें. सन १९०९ च्या जून महिन्यांत तो लंगडत त्याच मैदानावर परत आला. ता. २७ जुलईस अध्यक्ष टाफ्ट ह्यांच्या समक्ष उतारूसह एक तासाहून अधिक वेळ तो उडाला, व ३० तारखेस ताशी ४२ मैलांहून अधिक वेग दाखविला. सैन्यानें २५,००० डॉलर व अधिक वेगाबद्दल आणखी ५,००० डॉलर देऊन विमान घेतलें.

चरित्र येथेंच संपविलें असतें तर तें फार गोड झालें असतें. पण तसें करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ता. ३० मे १९१२ रोजीं विल्बर विषमज्वरानें वारला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आंतच राईट कंपनीचें 'सी' नमुन्याचें विमान कॉलेज पार्क येथें कोसळून कंपनीचा चालक आर्थर वेल्श व लेफ्टनंट हेझलहर्स्ट हे दोघे ठार झाले. भावाच्या दुःखांतून अजून न सांवरलेला ऑर्व्हिल वेल्शच्या अंत्यविधीस कॅथरिनसह गेला. पुढील दीड-दोन वर्षांत त्याच नमुन्याच्या विमानांतून एकामागून एक तरुण अधिकारी पडून मेले. ऑर्व्हिलचें मत असें होतें कीं, चालक विमानाचें नाक फार वर उचलतात, त्यामुळें वेग संपून तें कोसळतें. म्हणून हा कोन दाखविणारें एक उपकरणही त्यानें तयार केलें. त्याचें म्हणणें निराधार नव्हतें. परंतु ह्या विमानांत इंजिन चालकाच्या पाठीमागें असल्यामुळें आपटतांच तें त्याच्या अंगावर येई, आणि त्या नमुन्याची घडण ताब्यांत ठेवण्यास कठीण होती, हेंही तितकेंच खरें होतें. सन १९१४ च्या फेब्रुवारींत लेफ्टनंट हेन्री पोस्ट मरण पावल्यावर सैन्याच्या मंडळानें पाठीमागें पंखा असलेलीं सर्व विमानें निकालांत काढलीं.

आमचें मत विचाराल तर, ज्यानें स्वतःच्या अपघातांत इतकी निःपक्षपाती दृष्टि दाखविली, त्याची दृष्टि स्वतःच्या विमानांच्या बाबतींत थोडी अधू झाली. १९०८ सालीं विमान त्याचें होतें व मोडलेली हाडेंही त्याचींच होतीं; १९१३ सालीं विमान त्याचें व हाडें दुसऱ्यांचीं. त्यास आम्ही दुष्ट म्हणत नाहीं. करणारा आपल्या कृतीचा न्यायाधीश होऊं शकत नाहीं, मग तो कितीही सरळ असो. निरनिराळ्या देशांस हें हळूहळू उमगलें. इंग्लंडांत सन १९१५ मध्यें सैनिकी विमानांच्या अपघातांसाठीं स्वतंत्र निरीक्षक नेमला गेला. अमेरिकेंत सन १९२६ च्या कायद्यानें मुलकी अपघातांचीं कारणें शोधण्याचें व प्रसिद्ध करण्याचें काम सरकारी खात्याकडे आलें. सन १९४४ मध्यें शिकागो येथें बहुतेक राष्ट्रांनीं मिळून जो करार केला, त्याच्या आधारें १९५१ सालीं ह्या तपासाचे नियम झाले, आणि तपासाचा हेतु पुढील अपघात टाळणें एवढाच असावा, दोष वांटणें हा नसावा, हें तत्त्व त्यांत रुजलें. तुकडे गोळा करावे, क्रम जुळवावा, आणि मोडलें काय तें आधीं पाहावें. फोर्ट मायरच्या रुग्णालयांत जें एका खाटेभोंवतीं झालें, तेंच आज मोठमोठ्या गोदामांतून होत असतें.

ऑर्व्हिलनें १९१५ सालीं कंपनी विकली, व १९१८ नंतर स्वतः विमान चालविलें नाहीं. फोर्ट मायरच्या दुखापतीनें त्यास जन्मभर छळलें. अपघातानंतर बारा वर्षांनीं क्ष-किरणांनीं तपासतां कंबरेच्या हाडांत आणखी तीन भंग आढळले, जे तोंवर कोणाच्याही लक्षांत आले नव्हते. सन १९२० पासून मरेपर्यंत तो अमेरिकेच्या विमानविद्या सल्लागार मंडळाचा सभासद होता. स्वभाव लाजाळू असल्यामुळें सभेंत भाषण करण्याचें तो नेहमीं टाळी. सन १९४४ च्या एप्रिलांत चार इंजिनांच्या एका प्रचंड विमानांतून त्यास फिरविण्यांत आलें, व थोडा वेळ सुकाणूंही त्याच्या हातीं देण्यांत आलें. ता. ३० जानेवारी १९४८ रोजीं हृदयविकारानें डेटन येथें त्याचें देहावसान झालें. १९०३ चें तें मूळ विमान तेव्हां इंग्लंडांत होतें. त्याच वर्षीं १७ डिसेंबरास तें वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत टांगण्यांत आलें.