हवेतून खत घडवणारे सॅम आयडे

द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत आपण ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सोडतो. गोणीवर नत्र १५.५ टक्के, कॅल्शियम १८.८ टक्के असे छापलेले असते. हवेतल्या नत्रापासून हे खत कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनवण्याची सुरुवात नॉर्वेत झाली. ती करणारे अभियंते म्हणजे सॅम आयडे.

नत्राची टंचाई
आयडे यांचा जन्म १८६६ मध्ये आरेंदाल या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजमालक होते. बर्लिनमध्ये अभियांत्रिकी शिकून त्यांनी रेल्वे आणि बंदरांची कामे केली. त्या काळी युरोपची शेती चिलीहून येणाऱ्या सोऱ्यावर अवलंबून होती आणि तो साठा संपण्याची भीती होती. नॉर्वेत कोळसा नव्हता, पण धबधबे होते. आयडे यांनी त्यांचे हक्क घेऊन ठेवले.

विजेच्या ज्योतीतून खत
१९०३ मध्ये त्यांची गाठ भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्केलांड यांच्याशी पडली. चुंबकाने पसरवलेल्या विजेच्या ज्योतीतून हवा सोडली की ३००० अंश सेल्सियसहून जास्त उष्णतेत नत्र आणि प्राणवायू एकत्र येतात. त्यापासून नायट्रिक आम्ल आणि पुढे चुनखडी मिसळून कॅल्शियम नायट्रेट तयार होते. स्वीडन व फ्रान्सच्या भांडवलावर १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी उभी राहिली. नोटोडेन आणि र्‍युकान येथे वीजघरे, कारखाने आणि कामगारांच्या वसाहती झाल्या.

पद्धत बदलली, कंपनी टिकली
या पद्धतीला वीज फार लागे. जर्मनीत १९१३ पासून अमोनियाची पद्धत सुरू झाली आणि ती कमी ऊर्जेत नत्र देऊ लागली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आयडे कंपनीच्या प्रमुखपदावरून दूर झाले. पुढे ते पोलंडमध्ये नॉर्वेचे राजदूत झाले. कंपनीने १९२७ मध्ये जर्मन आयजी फार्बेनशी करार केला आणि अमोनियाकडे वळली. धबधब्यांची तीच वीज आता पाण्यातून हायड्रोजन काढू लागली. वीजघरे राहिली, खताचे गिऱ्हाईक राहिले, ज्योतीच्या भट्ट्या मात्र मागे पडल्या. आयडे १९४० मध्ये वारले. २००४ मध्ये खत व्यवसाय वेगळा होऊन यारा ही कंपनी झाली. २०१८ मध्ये तिने उत्तर प्रदेशातील बबराला येथील युरिया कारखाना विकत घेतला.

आपल्यासाठी
आयडे यांची पद्धत गेली, त्यांनी ओळखलेली गरज राहिली. आजचे युरिया आणि नायट्रेट, दोन्हींतले नत्र अमोनियाच्याच मार्गाने येते. म्हणून नैसर्गिक वायू महागला की खत बनवण्याचा खर्च वाढतो. इतक्या ऊर्जेने बनलेले नत्र वाया घालवू नका:

- नायट्रेट पिकाला लगेच मिळते, पण जास्त पाण्याने मुळांखाली वाहून जाते. थोडे-थोडे, विभागून द्या.
- कॅल्शियम नायट्रेट स्फुरद किंवा सल्फेटयुक्त खतांसोबत एकाच टाकीत मिसळू नका. साका बसून ड्रिपर चोंदतात.
- मात्रा माती व पान-देठ परीक्षणानुसार ठरवा.