ऑपरेटिंग सिस्टिम नसलेला कॉम्प्युटर मुंबईत बनवणारे आर. नरसिंहन

पीकविम्याच्या दिवसांत हिमायतनगरच्या एखाद्या ऑनलाइन सेंटरवर जा. प्रिंटर एकच, कागद दहा जणांचे. तरी तुमचा सातबारा आणि शेजाऱ्याचं आधार एकाच पानावर छापून येत नाही. कारण कुणाचं काम आधी, कुणाला मेमरी किती, हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते.

आता असा कॉम्प्युटर डोळ्यासमोर आणा, ज्यात हे ठरवणारं कुणीच नाही. तो मुंबईत बनला आणि बनवणाऱ्या टीमचे प्रमुख होते आर. नरसिंहन.

1926 चा जन्म, गाव चेन्नई. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातून गणितात पीएचडी करून 1954 मध्ये ते होमी भाभांच्या टीआयएफआरमध्ये आले. काम मिळालं कॉम्प्युटर बनवायचं. गंमत म्हणजे नरसिंहन सोडले तर टीममध्ये कुणी कॉम्प्युटर वापरलेलाही नव्हता! आधी छोटं मॉडेल केलं, ते चाललं, मग मोठ्याला हात घातला.

फेब्रुवारी 1960 मध्ये मशीन रीतसर सुरू झालं. आत सुमारे 2,700 व्हॅक्यूम ट्यूब. मेमरी सुरुवातीला 40 बिटांच्या 1,024 कप्प्यांची, म्हणजे सगळी मिळून 5 केबी. व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोही त्यात मावणार नाही, तिथं ऑपरेटिंग सिस्टिम कुठं ठेवणार?

त्यामुळे एका वेळी एकच प्रोग्राम. तो मशीनच्या भाषेत लिहायचा, कागदी टेपवर छिद्रं पाडून आत घालायचा. कोणत्या कप्प्यात काय ठेवायचं हेही लिहिणाऱ्यानेच बघायचं. एक आकडा चुकला की सगळं मुसळ केरात.

1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. पण तोवर बाहेर ट्रान्झिस्टरवाली मशीन आली होती. 1964 मध्ये टीआयएफआरमध्येच अमेरिकेचा सीडीसी 3600 बसला. त्याच्यावर एक प्रोग्राम संपला की पुढचा सिस्टिमच उचलायची.

मग टिफ्रॅकची मेहनत पाण्यात गेली का? आम्हाला तसं वाटत नाही. कॉम्प्युटरच्या आत काय चालतं हे हाताने शिकलेली माणसं त्यातून देशाला मिळाली. नरसिंहन पुढे कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले, सरकारी कंपनी सीएमसीचेही. 1978 मध्ये आयबीएम भारत सोडून गेली, तेव्हा तिच्या इथल्या मशीनची देखभाल याच सीएमसीने सांभाळली.

1977 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नंतर ते लहान मुलं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासात रमले. 2007 मध्ये ते गेले.